फणसाच्या खाटेचं सेवैयंत्र

आमच्या स्वयंपाकघरात एक फळी आहे. ती मी ठोकली आहे. हे वेगळं सांगावं लागत नाही, बघणाऱ्याला कळतं. फळी डावीकडे उतरती आहे. खाली ग्राइंडर सुरू झाला की तिच्यावरचे डबे थरथरत, मुंगीच्या पावलानं डाव्या टोकाकडे निघतात. मी ती काढून पुन्हा ठोकणार होतो, पण आईनं मधल्या काळात तिथं चिंचेची बरणी ठेवून टाकली आणि बरोबर डाव्या टोकाखाली आपला पाट मांडला.

"राहूं दे रे," ती म्हणाली. "बोलावल्यावांचून जवळ येते. ह्या घरांत तेवढी एक बरणीच येते."

आई असं तिरकं बोलते ते मराठीत. वाचते मात्र फक्त तमिळ. मला देवनागरी येते ती लहानपणी दिलेल्या हिंदीच्या परीक्षांमुळे. म्हणजे मी हे जे लिहितोय ते ती कधीही वाचू शकणार नाही, आणि म्हणूनच मी इतका मोकळेपणानं लिहितोय. तंजावरात पिढ्यान्पिढ्या राहिलेली आमच्यासारखी मराठी घरं बरीच आहेत. भांडण मराठीत, भाजी तमिळमध्ये, आणि पोरांचा अभ्यास इंग्रजीत.

माझे वडील, म्हणजे अप्पा, हातानं हुशार होते. निदान मी तसं समजत आलो. ते ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी टाउन बसनं जायचे आणि संध्याकाळी येताना पिशवीतून जगानं टाकून दिलेलं काहीतरी घेऊन यायचे. बिजागरी, स्प्रिंग, सायकलची अर्धी साखळी. आई दारातच विचारायची, "आज कोणाचं दुखणं आणलंत?" त्या दुखण्यांची मग औषधं व्हायची. बसल्या जागी पायानं फिरवायची नारळाची खोवणी झाली. गच्चीवर वाळत घातलेल्या वडामांवरून, म्हणजे तांदळाच्या कुरडयांवरून, कावळे उठवायला सायकलच्या चाकाला चमचे बांधलेली एक खणखणती पवनचक्की झाली. कावळ्यांनी ती महिनाभर सहन केली, नंतर ते तिच्यावर बसून गोल फिरायला लागले. अप्पा म्हणाले, "असूं दे. त्यांनाही कोणी खेळणं दिलं नव्हतं."

पण अप्पांचं खरं काम म्हणजे सेवैयंत्र.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी सेवै सांगतो, कारण तुमच्या शेवया गव्हाच्या, आणि त्यांची खीर होते. आमची सेवै तांदळाची. उकडा तांदूळ भिजवून घट्ट वाटायचा, त्याचे गोळे इडलीच्या भांड्यात वाफवायचे, आणि गोळा हाताला चटका देत असतानाच पितळी नाळीत घालून दाबायचा. खालून मऊ, पांढऱ्या तारा उतरतात. त्या लिंबाच्या, नारळाच्या किंवा नुसत्याच, आणि बरोबर मोरकोळंबू, म्हणजे ताकाचं, खोबरं वाटून लावलेलं कालवण. सगळं गणित गरमपणाचं आहे. गोळा जरा निवला की दगड होतो, आणि दगड दाबायला पैलवान लागतो. आई पैलवान नव्हती. मी चौथीत असताना तिची मनगटं दुखायला लागली. रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती रात्री मनगटं शेकायची, आणि रविवारची सेवै हळूहळू बंद पडली.

त्याच सुमारास अप्पांच्या कचेरीतली जुनी जीप भंगारात निघाली. तिच्या सीटखाली एक जॅक होता. बाटलीसारखा बुटका, पोटात तेल असलेला. दांडा वरखाली केला की त्याच्या डोक्यातून लोखंडी दट्ट्या वर येतो आणि अख्खी गाडी उचलतो. साहेबांना विचारून अप्पांनी तो घरी आणला. पुढच्या रविवारी आई देवळातून परत आली तर मागच्या अंगणात अप्पा घामाघूम, हातात करवत, आणि समोर आईची फणसाच्या लाकडाची खाट आडवी.

"माझ्या माहेरची खाट! तिरुवैयारूहून बसच्या टपावर घालून माझ्या बापानं आणलेली!"

"अर्धीच कापली," अप्पा म्हणाले. "अर्धी शिल्लक आहे."

"अर्ध्या खाटेवर काय अर्धी बायको निजते?"

खाटेच्या चार पायांतले दोन उभे, वर आडवी तुळई, मध्ये भोक पाडलेली फळी. भोकात पितळी नाळी. नाळीच्या दट्ट्यावर जॅक उभा, आणि जॅकचं डोकं वरच्या तुळईला टेकलेलं. दांडा हापसला की वर जायला वाव नसलेला जॅक खालीच जोर करायचा, आणि जो जोर जीप उचलायचा तो तांदळाच्या गोळ्यावर यायचा. आईनं तीन रविवार त्या यंत्राकडे आणि अप्पांकडे पाहिलं नाही. चौथ्या रविवारी तिनं तांदूळ भिजत घातले. पहिला घाणा उतरला तेव्हा ती ताट खालून गोल फिरवत होती. तिनं एक तार उचलून तोंडात टाकली.

"बेस पडते," ती म्हणाली. खाटेचा विषय संपला. म्हणजे पुढच्या भांडणापर्यंत.

मग वर्षानुवर्षं रविवार असा. अप्पा दांडा हापसताहेत, आई ताट फिरवतेय. आई फक्त दोन शब्द बोलायची. "द्या" आणि "पुरे". अप्पा एरवी तिचं ऐकायचे असं नाही, पण यंत्रावर बसले की "पुरे"नंतर हात अर्धा इंचही हलायचा नाही. माझं काम बाहेर बसून खायचं.

आणि सुट्टीच्या दिवशीचा एक कार्यक्रम असायचा, तो मला सेवैइतकाच आठवतो. महिन्यातून एकदा आम्हा भावंडांना एरंडेल. सकाळी, उपाशी पोटी, वर गरम रसम. मोठी बहीण, अक्का, नाक धरून पिऊन टाकायची. मी न्हाणीघरात लपायचो. मग अप्पा एरंडेलाची बाटली घेऊन यंत्रासमोर बसायचे, जॅकच्या पोटाचं छोटं बूच काढायचे आणि आत एरंडेल ओतायचे. "बघ, बघ. पितोय. तोंड वाकडं करतो का? पोट साफ, की आठवडाभर कुरकुर नाही." मी बाहेर येऊन ते बघायचो आणि यंत्राच्या तोंडाची मला इतकी लाज वाटायची की मीही पिऊन टाकायचो. पोराला फसवायला बाप काय काय नाटकं करतो, हे मी पुढं माझ्या मुलीला मोठ्या कौतुकानं सांगत आलो. नाटक म्हणून.

दीड वर्षापूर्वी अप्पा गेले. आजारी न पडता, दुपारचं जेवून, आरामखुर्चीत. त्या खुर्चीचा मागचा पाय त्यांनीच बसवलेला होता. यंत्रावर आईनं जुनी सुती साडी घातली, आणि रविवारी आम्ही इडली खाऊ लागलो. वर्षश्राद्धाला अक्का चेन्नईहून आली आणि जाताना म्हणाली, "आई, चल ना माझ्याकडे. कायमची. आमचा फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे." आई लगेच नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "पोंगल होऊं दे. मग सांगतें."

मला ते "मग सांगतें" झोपू देईना. आई गेली तर ह्या घरात काय उरेल, याचा मी विचार करायला लागलो. उरेन मी, माझी बायको, सुट्टीला येणारी मुलगी आणि उतरती फळी. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. कारण आणि परिणाम यांची मला सवय आहे. मी असं मांडलं: आईला घरात करमत नाही. का? रविवार गेला. रविवार का गेला? यंत्र बंद. तर यंत्र चालू झालं की रविवार येईल, आणि रविवार आला की आई राहील. पोंगलच्या आत यंत्र चालू करायचं. हे मी बायकोला सांगितलं.

"यंत्र तुम्ही दुरुस्त करणार?"

"मीच."

"बरं. तुम्ही पाना हातात घेतला की मी दूध झाकून ठेवत जाईन."

यंत्रावरची साडी मी काढली. दांडा हलत होता, पण जॅकचं डोकं वर येत नव्हतं. पोट कोरडं पडलं होतं. मी तो पिशवीत घालून बाजारात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं त्याच्याकडे बघून विचारलं, "हा कुठल्या गाडीचा?" मी म्हणालो, "सेवैचा." त्यानं फळीवरून एक डबा काढला. जॅकचं तेल दिलं. मी ते भरलं, दांडा हापसला, आणि डोकं सुरसुर वर आलं. मी एकटाच "बेस!" म्हणून ओरडलो. रविवार यायला अजून सहा दिवस होते, तेवढे दिवस मी कॉलेजात जाताना आणि येताना यंत्राला हात लावून जायचो. घरात एक गोष्ट अप्पांसारखी केली होती मी.

रविवारी बघतो तर तांदूळ आईनंच भिजवले होते. पाट ओढून ती यंत्राखाली बसली, मांडीशी ताट घेतलं, त्यात केळीचं पान. ताट फिरवायची तिची ती जुनी बैठक, एक गुडघा वर. मला वाटलं, झालं. राहिली.

"दे," ती म्हणाली. मला ती "द्या" म्हणणार नव्हती, एवढाच फरक.

मी हापसलं. पहिल्या दाबाला चार तारा उतरल्या. दुसऱ्या दाबाला जॅक कण्हला. तिसऱ्याला त्याच्या मानेतून तेलाची एक बारीक पिचकारी सुटली ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, माझ्या चष्म्यावर आणि परातीत झाकून ठेवलेल्या सगळ्या वाफाळत्या गोळ्यांवर. झाकणाचं फडकं मी हौसेनं नुकतंच काढलं होतं. बायकोनं फक्त दुधाच्या पातेल्याकडे पाहिलं. ते झाकलेलं होतं.

आई गोळ्यांकडे बघत राहिली. मग तिनं बोट बुडवून तेल हुंगलं.

"हें कोणतं तेल?"

"जॅकचं."

"जॅकचं कशाला?"

"जॅक आहे म्हणून, आई."

"अरे देवा. तो एरंडेल पितो की! तुझ्याबरोबरच प्यायचा. बघत नव्हतास?"

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, चष्म्यावरून तेल ओघळतंय, आणि मला तेव्हा कळतंय की ते नाटक नव्हतं.

आईनं मग सांगितलं. ताट मांडीवर तसंच, ती सांगत होती आणि मधेच हसत होती. अगदी सुरुवातीला अप्पांनीही जॅकचंच तेल घातलं होतं. एका रविवारी त्याचा एक थेंब सेवैत पडला. आई तेव्हा सोवळ्यात स्वयंपाक करायची. गाडीच्या पोटातलं, कोणत्या गावचं, कशाचं तेल ते, अन्नावर? तिनं सगळी सेवै गाईला घातली, गाईनं ती खाल्ली नाही, आणि आईनं दिवस पाण्यावर काढला. संध्याकाळी अप्पांनी जॅक खोलला. आतलं तेल काढून टाकलं, शिकेकाईनं धुतला, आणि पोटात एरंडेल भरलं. एरंडेल घरचं, पोटात गेलं तरी भलंच करणारं. आतली मूळची रबरी चकतीही गेलेली होती, म्हणून नवी कापली.

"कशातून कापली?"

"माझ्या शेकायच्या पिशवींतून. विचारलं नाहीं कीं काहीं नाहीं. खाट झाली, मग पिशवी. मी म्हटलं, आतां उरलें मी. मलाच कापा."

मी चकती काढून बघितली. सहा दिवस जॅकच्या तेलात बसून ती फुगून जिलेबीसारखी झाली होती. मऊ रबराला ते तेल सोसत नाही, त्याला एरंडेलच लागतं, हे मी नंतर वाचलं. अप्पांनी वाचलं होतं की नाही, माहीत नाही. त्यांना फक्त बायकोनं जेवायला हवं होतं.

दुपारी मी औषधाच्या दुकानातून शेकायची नवी पिशवी आणली आणि एरंडेल. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "कोणाला बरं नाही?" मी म्हणालो, "घरातल्या एकाला." आई शेजारी बसून सांगत गेली. चकती केवढी, कडेला किती जाड, बूच किती फिरवायचं. तिनं हे कधी केलं नव्हतं. तिनं फक्त वर्षानुवर्षं समोर बसून अप्पांचे हात पाहिले होते. माझी पहिली चकती लंबगोल झाली, दुसरी बशीसारखी. "तुझ्या हातांत लहानपणापासून गोल गोष्ट येत नाहीं," ती म्हणाली. "पोळ्या तर तुझ्या बायकोनं पाहिल्याच असतील." तिसरी तिनं सुरीनं स्वतः कापली.

पुढच्या रविवारी सेवै पडली. अडखळत, मानेशी एरंडेलाचा एक घामाचा थेंब काढत, पण पडली. आई ताट फिरवत होती. मी दांडा हापसत होतो. "दे… दे… पुरे." पुरे म्हटल्यावर माझा हात एक इंच जास्त जायचा, आणि ती मान वर करून बघायची. तिनं बायकोला यंत्राचं सगळं दाखवलं. एरंडेल कधी घालायचं, नाळीला आतून तिळाचं तेल कसं लावायचं, गोळा किती गरम. मी लिंबाची सेवै दोनदा वाढून घेतली आणि मनात पोंगल साजरा करून टाकला.

हात धुताना आई म्हणाली, "आतां बेस झालं. अक्काला फोन लाव. पोंगलानंतर येतें म्हणून सांग."

माझा हात ओलाच राहिला. "यंत्र चालू झालं की, आई."

"म्हणूनच. तें तसं टाकून जायला मन होत नव्हतं. आतां त्याला काय पाजायचं तें तुम्हां दोघांना कळलं." ती पदराला हात पुसत होती. मग स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघून म्हणाली, "हिंगे, ह्या घरांत, कोठेंही टॉवेल वाळत घालायला गेलें तर तो खिळा ह्यांनी मारलेला. दार लोटलं तर ती कडी ह्यांची. अस्कें, सगळं, ह्यांचंच. दिवसभर माणूस हांक मारल्यासारखं होतं रे. मला थोडे दिवस जिथं एकही खिळा ह्यांचा नाहीं, तिथं राहायचंय."

माझं सगळं वाणिज्य तिथंच बसलं. मी तिला थांबवायला जे दुरुस्त केलं होतं, त्यानंच तिला मोकळं केलं होतं. मी परत ताटावर येऊन बसलो. बायकोनं माझ्या ताटात न विचारता आणखी सेवै वाढली.

पोंगलानंतर आई गेली. जाताना तिनं एक पिशवी लोणचं नेलं आणि पाट इथंच ठेवला. ग्राइंडर लागला की चिंचेची बरणी अजून डावीकडे सरकते, टोकाला येऊन थांबते. खाली पाट रिकामा असतो. बायको म्हणाली, आता फळी सरळ करून घ्या. मी हो म्हणालो. अजून केलेली नाही.

रविवारी आम्ही दोघं सेवै करतो. ती हापसते, मी ताट फिरवतो, कारण ताट तरी गोल आहे. "पुरे" म्हणायचं काम माझं, आणि मी प्रत्येक वेळी उशिरा म्हणतो. तारा चांगल्या पडतात. पण आई त्या ताटात एकावर एक अशा बसवायची की उचलताना तुटत नसत. आमच्या तुटतात.

फोनवर आई चेन्नईचं कौतुक सांगायची. लिफ्ट कशी, बाग कशी, शेजारच्या मुलींचं तमिळ कसं. मी ऐकायचो आणि म्हणायचो, वा, वा. महिन्यापूर्वी अक्काचा फोन आला.

"अरे, हिचं काय करू? काल हिला घेऊन खाली गेले, तर बागेत जायचं सोडून पार्किंगमध्ये शिरली. प्रत्येक गाडीशी थांबून आत डोकावते. वॉचमन आला. त्याला विचारते, एवढ्या गाड्या आहेत, एकाकडेही जास्तीचा जॅक नसेल का?"

मागून आईचा आवाज आला. "चोरायला नव्हतें गेलें. विचारलं फक्त. त्याला सांग, इथल्या मशीनची सेवै रबरासारखी लागते."

"आई," मी म्हणालो, "तुला तर खिळे नको होते ना?"

ती मागूनच म्हणाली, "दोन महिने नव्हते. पाहिलं राहून." मग तिचा आवाज जवळ आला, अक्काच्या हातून फोन घेतला असावा. "उरलेली अर्धी खाट माळ्यावर आहे. तू कर. वांकडं झालं तरी चालेल. इथं कोणाला कळणार आहे?"

मी माळ्यावर चढलो. बायकोनं शिडी धरली आणि आधी दूध झाकून आली. अर्धी खाट पोत्यात गुंडाळलेली होती. फणसाचं लाकूड अजून पिवळं, जड. पोतं सोडून मी ती खिडकीशी आणली, जिथून मोठ्या देवळाचा शेंडा आणि समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, आणि उजेडात करवतीची कड बघितली. अप्पांनी जिथं खाट कापली होती त्याच्या आत, बोटभर अंतरावर, करवतीची आणखी एक खाच होती, अर्धवट सोडलेली. तिच्या पलीकडे अजून एक, तिरकी, अगदी माझ्या फळीसारखी डावीकडे उतरती. दोन्हींवर पेन्सिलीनं काट मारलेली होती.

मी त्या तिरक्या खाचेवरून बराच वेळ बोट फिरवत होतो.

"काय झालं?" खालून बायकोनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "पेन्सिल दे."